ओपन स्पेसवरचं गाजरगवत

यवतमाळ

चि. गार्गीस,



आमच्या वस्तीतल्या ओपन स्पेसचे फोटो पाहून तू विचारलंस, की नगर परिषद आहे, मालमत्ता कर भरता, मग साठीपुढची माणसं रविवारी सकाळी गाजरगवत का उपटत बसतात? ही फुकटची मजुरी कोणाच्या सोयीची? प्रश्न टोचला. चुकीचा आहे म्हणून नव्हे, इथे कोणी तो विचारत नाही म्हणून. तेव्हा उत्तर थोडं तुला आणि थोडं मलाच देते. लांबलं तर वाचून काढ, दोन ओळींच्या मेसेजवर वाढलेल्या पिढीला जड जाईल, पण इलाज नाही.

या श्रमदानाचं मूळ विचारलं तर आपल्याकडे कोणीही तुकडोजी महाराजांचं नाव घेईल. ते खरंच आहे. मोझरीहून निघालेली ग्रामसफाई वऱ्हाडात गावोगाव पोचली, आणि गाडगेबाबांचा खराटा तर त्याच्याही आधीचा. पण मला त्याहून जवळची वाटते ती १९३० ची हकिगत. मिठाचा सत्याग्रह देशभर पेटलेला आणि वऱ्हाडाला समुद्रच नाही, मग कायदा मोडायचा तरी कुठला? वणीच्या बापूजी अण्यांनी जंगलचा कायदा निवडला. १० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून त्यांनी गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात आपल्या यवतमाळशेजारी लोहाऱ्याच्या रानातही तेच घडलं. तुझ्या शाळेच्या पुस्तकात दांडी होती, लोहारा नव्हता, ही माझी जुनी तक्रार आहे. आता विचार कर, कापलेलं गवत ते किती असेल? एका बैलाची रात्र निघाली नसती. महत्त्व गवताला नव्हतंच. हे रान आमच्या वापरातलं आहे, हे अर्ज न करता विळ्याने सांगायचं होतं. तेव्हाचं सरकार परकं होतं आणि आजची नगर परिषद आपण निवडून देतो, हा फरक मला कळतो. तरी सामाईक जागेचा हक्क कागदावर जितका असतो तितकाच हाताच्या वापरावर टिकतो, ही गोष्ट तेव्हाइतकीच आजही खरी आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की रविवारी चालतं ती नगर परिषदेच्या कामाची बदली नव्हे, ती वहिवाट आहे.

ओपन स्पेस म्हणजे काय हे तुमच्या पिढीला सांगावं लागतं. शेत अकृषक करून ले-आऊट पाडला, की साधारण दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. नकाशावर तो हिरवा असतो. जमिनीवर तिथे आधी बांधकामाचा मलबा पडतो, मग बाभूळ आणि गाजरगवत माजतं, मग कोणाची तरी गिट्टी-रेती येते, आणि एक दिवस टिनाचं शेड उभं राहतं. कधी सभागृहासाठी, कधी देवासाठी. देवाला हात कोण लावणार? सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका असा आदेश दिला, पण आदेशाची आठवण करून द्यायला त्या जागेवर रोज कोणीतरी असावं लागतं. बंगळुरूचं प्रकरण वाच. एका वस्तीतली बागेसाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणाने खासगी रुग्णालयासाठी देऊन टाकली. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जागा बागेचीच ठरवली, शिवाय तक्रार करायचा रहिवाशांचा हक्कही मानला. लक्षात घे, जागा देणारं सरकारी प्राधिकरणच होतं. कर भरून आपण ज्याला राखणदार नेमतो, तोच कधी कधी जागा देऊन बसतो.

कामाचं म्हणशील तर त्यात मिरवण्यासारखं काही नाही. गाजरगवत पांढरं फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं लागतं, नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. झाडं लावणं त्याहून सोपं. राज्य सरकारने १ जुलै २०१६ ला, म्हणजे आपल्याच गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या जयंतीला, दोन कोटी रोपांचा कार्यक्रम केला आणि २०१९ पर्यंत तो आकडा तेहतीस कोटींवर नेला. जुलैत रोप लावायला कोणीही येतं, वरून पाऊस असतो. रोपाची खरी परीक्षा पुढचे दोन उन्हाळे. एप्रिलात काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळं उघडी पडतात. मग आळं करायचं, त्यात सोयाबीनचं कुटार पसरायचं, आणि एकेका रोपाला पाणी द्यायचं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, नळाची पाळी कित्येक दिवसांवर गेली. अशा गावात झाडाला पिण्याचं पाणी घालणं कोणाला पटेल? म्हणून भांडी-भाजी धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीने न्यायचं. हे काम ठेक्याने होत नाही, कारण ठेकेदाराला बिल लावलेल्या रोपांचं मिळतं.

आता आक्षेप. पहिला तुझा, की लोकांनी केलं की नगर परिषद अंग काढून घेते. घेते, मान्य. पण बागा-मैदानं हा विषय १९९३ पासून राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या कामांत आहे, आणि बोअर, तारेचं कुंपण, दिवे हे मागायचेच. गवत आम्ही काढू, बोअर तुम्ही द्या, असं म्हणणाऱ्याचा अर्ज नुसत्या अर्जापेक्षा जड असतो. दुसरा आक्षेप तू केला नाहीस, पण तो खरा भारी आहे. राबणारे हळूहळू मालक होतात. फाटकाला कुलूप लागतं, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हाकललं जातं, पलीकडच्या वस्तीतल्या बाया बाकावर टेकल्या तर पेन्शनरांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुंबईत मैदानं दत्तक देण्याच्या धोरणाचं असंच झालं. काही जागांवर पुढाऱ्यांचे क्लब थाटले गेले, आणि २०१६ मध्ये नवं धोरण लोकांच्या विरोधामुळे थांबवावं लागलं. त्याच मुंबईत ओव्हल मैदान रहिवाशांनीच कोर्टात जाऊन वाचवलं, हेही विसरू नकोस. म्हणून दत्तक नको, ताबा नको, सौजन्याच्या पाट्या तर मुळीच नकोत. आणि कापसाच्या शेतकऱ्याचे हाल चाललेल्या जिल्ह्यात बागेचं काय कौतुक, असं कोणी म्हणालं, तर दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्याला विचारावं, मे महिन्यात करंजाच्या सावलीची किंमत किती. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला ओपन स्पेस लागत नाही.

तिकडे ऑस्ट्रेलियात सगळं काउन्सिल करतं हा तुझा समजही जरा तपासून बघ. तुझ्याच व्हिक्टोरियात १९८६ मध्ये शेतकऱ्यांनी एकत्र येऊन लँडकेअर नावाची चळवळ सुरू केली, ती पुढे देशभर पसरली. तुझ्या उपनगरातल्या बागेचाही असा एखादा गट असेल. जात जा. लोकांशी ओळखी होतील, त्या फ्लॅटमध्ये एकटी मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा बरं. 

बागेसाठी पैसे पाठवू का, असंही तू लिहिलंस. नको. पैसे आले की हिशेब आला, आणि हिशेब आला की अध्यक्ष-सचिव आले. दरवर्षी तू डिसेंबरात येतेस, तेव्हा इथे सगळं हिरवंगार आणि माणसंही भरपूर. या वेळी जमलं तर एप्रिलात ये. ऊन लागेल, तुझी आई मला बोल लावेल, पण बादल्या उचलायला माणसं तेव्हाच कमी पडतात.

तुझी,
मोठी आई