पूजेच्या कोलकात्यात चार दिवस

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दादरला किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ज्यांनी खरेदी केली आहे, त्यांना गर्दीचं भय सहसा उरत नाही. तरीही दुर्गापूजेच्या तोंडावरचं कोलकाता पाहून मराठी गृहिणी पहिल्या संध्याकाळी थोडी बावरतेच. गरियाहाटच्या चौकात फुटपाथवर एकदा शिरलं की चालावं लागत नाही, माणसांचा लोंढाच पुढे नेतो. दोन्ही बाजूंना साड्या, कुर्ते, चपला, कानातली, पडदे, उशांचे अभ्रे. मध्येच कुणीतरी दोन बाय दोनच्या जागेत साडी उलगडून पदर दाखवत असतो आणि चार बायका चार बाजूंनी तिचा पोत बोटांनी चाचपत असतात. इथल्या माणसाच्या लेखी सण सुरू होतो तो या फुटपाथवरच, चांगला महिनाभर आधी.

कारण साधं आहे. षष्ठीपासून दशमीपर्यंत पाच दिवस नवे कपडे घालायचे, आणि ज्याला परवडतं तो सकाळचे वेगळे आणि संध्याकाळचे वेगळे घालतो. शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, लेकी-जावयांना, धुणीभांडी करणाऱ्या बाईला द्यायचं असतं ते निराळंच. बोनस हातात पडला की तो कुठे जाणार हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

साडी घेताना घाई नको

कोलकात्याला जाऊन साडी न घेता परतणारी स्त्री विरळाच. पण इथे फसायलाही वेळ लागत नाही. बंगालची सुती तांत साडी म्हणजे हुगळी जिल्ह्यातली धनेखाली, नदिया जिल्ह्यातली शांतिपूर आणि फुलिया. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या टांगाइलच्या विणकरांनी फुलियात माग उभे केले आणि तिथल्या साडीला नाव मिळवून दिलं. आता मात्र हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाची साडी सर्रास विकली जाते. जाणत्या बायका साडीचे काठ उजेडाकडे धरून पाहतात. हातमागावर कापड ताणून धरावं लागतं, त्यामुळे काठाच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. जामदानी असेल तर साडी उलटी करून नक्षीचे धागे पाहावेत. विक्रेता उलटी बाजू दाखवायला कुरकुर करू लागला, तर पुढच्या दुकानात जावं हे बरं.

घासाघीस करणं ज्यांना जमत नाही किंवा आवडत नाही, त्यांच्यासाठी ढाकुरियाचं दक्षिणापण हे ठिकाण आहे. तिथे निरनिराळ्या राज्यांची हातमाग आणि हस्तकलेची दुकानं एकत्र आहेत. कांथ्याचं भरतकाम, बिष्णुपूरची बालुचरी, डोक्राच्या पितळी मूर्ती, सारं काही निवांतपणे पाहता येतं. ज्यांना घासाघिशीतच गंमत वाटते, त्यांनी सकाळी अकराच्या आत गरियाहाट किंवा उत्तरेकडचं हातीबागान गाठावं. बोहनीच्या वेळी दुकानदार गिऱ्हाईक सोडायला राजी नसतो. 'दादा, एकटु कम कोरून' एवढं बंगाली पुरतं. उच्चार चुकला तर तो हसतो, आणि हसलेला दुकानदार थोडी किंमत उतरवतो.

एस्प्लनेडजवळच्या न्यू मार्केटची तऱ्हा आणखी वेगळी. लाल विटांची ही इमारत १८७४ साली उघडली आणि १९८५ च्या आगीत तिचा मोठा भाग जळाला, तरी बाजार पुन्हा उभा राहिला. आत १९०२ पासून चालत आलेली नाहूमची ज्यू बेकरी आहे. तिथला फळांचा केक नाताळासाठी प्रसिद्ध असला तरी पूजेतही मिळतो. पाटी घेऊन मागे लागणाऱ्या हमालाला नको म्हणायचं तर सुरुवातीलाच म्हणावं. दोन गल्ल्या बरोबर चालून मग नको म्हटलं, तर भांडण ठरलेलं.

पुस्तकांची आवड असलेल्या मराठी माणसाला फुटपाथवरच्या मासिकांच्या ठेल्यापाशी आपल्या घरची ओळख पटेल. 'देश', 'आनंदमेला' यांचे जाडजूड पूजा विशेषांक म्हणजे बंगालचे दिवाळी अंकच. योगायोग असा की १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून आपल्याकडे ही प्रथा रुजवणाऱ्या काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी 'मित्र' हे बंगाली आडनाव धारण केलं होतं.

फुटपाथवरचा महिना

एवढ्या झगमगाटात एक गोष्ट सहज नजरेआड होते. २०१९ साली ब्रिटिश कौन्सिलने करवून घेतलेल्या पाहणीत पूजेभोवतीच्या उलाढालीचा अंदाज ३२ हजार कोटी रुपयांहून अधिक आला होता. २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. पण फुटपाथवरच्या विक्रेत्याचा हिशेब या आकड्यांत मावत नाही. तो या एका महिन्यासाठी कर्ज काढून माल भरतो. २०२० साली कोरोनाच्या भीतीने उच्च न्यायालयाने मंडपांत प्रेक्षकांना मज्जाव केला, तेव्हा बाजारही ओस पडला होता. २०२५ साली तर पूजा आठवड्यावर आली असताना, २३ सप्टेंबरच्या पहाटेपर्यंत एका रात्रीत सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस कोसळला. विजेच्या धक्क्याने माणसं दगावली, दुकानांत पाणी शिरलं, कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांचे गठ्ठे भिजून लगदा झाले. साड्या धुऊन वाळवून कमी भावात विकता येतात. पुस्तकांचं तसं नसतं.

म्हणून घासाघीस करावी, पण दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं अडून बसू नये. 

उपास आणि रोल

खाण्याच्या बाबतीत मराठी कुटुंबाची खरी पंचाईत होते. आपल्याकडे नवरात्र म्हणजे उपास, साबुदाणा आणि वरईचे तांदूळ. इथे त्याच दिवसांत मंडपाबाहेर एग रोल, मुगलाई पराठा, घुगनी यांचे ठेले रात्रभर चालू असतात आणि नवमीला घरोघरी मटण शिजतं. माहेरी आलेल्या लेकीचं कोडकौतुक करायचं, तिला उपाशी कसं ठेवायचं, अशी बंगाली माणसाची समजूत. सासूबाईंचा उपास असेल तर फळं, दूध आणि संदेश यांवर चार दिवस सहज निघतात. शाकाहारींनी अष्टमीला मंडपात मिळणारा भोग चुकवू नये. खिचडी, मिसळीची लाबडा भाजी, वांग्याची भजी, टोमॅटोची गोड चटणी आणि पायस असा तो बेत असतो.

फुचका म्हणजे आपली पाणीपुरीच, पण गोड चटणी नाही. आत मसाला घालून कुस्करलेला बटाटा आणि बाहेर चिंचेचं आंबटजहाल पाणी. मुलांसाठी आधीच 'झाल कम' सांगावं. बिर्याणीत बटाटा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. १८५६ मध्ये अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गमावून इथल्या मटियाबुर्जला आला आणि त्याच्या खानसाम्यांबरोबर ही बिर्याणी आली असं मानतात. आज त्या बटाट्यावरूनच घरात वाद होतात. पार्क स्ट्रीटवरची नावाजलेली हॉटेलं पूजेच्या रात्री टाळावीत. तिथे दोन-दोन तास रांगेत उभं राहून भूक मरते. दुपारी साडेबाराला गेलं तर टेबल मिळू शकतं.

एक चूक पाहुणे हमखास करतात. नव्या खजुराच्या गुळाचा संदेश मागतात. नोलेन गूर हा थंडीतला माल. पूजेत कुणी देऊ केला तर तो ताजा नसणार. त्याऐवजी साधा कडक संदेश किंवा मातीच्या मडक्यातलं मिष्टी दोई घ्यावं.

मंडप पाहताना

दिवसा उत्तर आणि रात्री दक्षिण, असा बेत सोयीचा पडतो. सकाळी शोभाबाजारच्या राजवाड्यातली पूजा पाहावी. ती नवकृष्ण देब यांनी १७५७ साली सुरू केली. मग कुमारटुलीच्या गल्ल्या, जिथे मूर्ती घडतात, आणि बागबाजारची जुन्या वळणाची देवी. कॉलेज स्क्वेअरची रोषणाई तलावाच्या पाण्यात दिसते, तेव्हा तिथे अंधार पडल्यावर जावं. दक्षिणेत एकडालिया, सिंघी पार्क जवळजवळ आहेत. पाय दुखले की मॅडॉक्स स्क्वेअरच्या मैदानात बसावं. तिथे देवीपेक्षा गप्पांचंच महत्त्व जास्त आहे, आणि त्याबद्दल कुणाला खंत नाही.

गाडीचा मोह सोडावा. संध्याकाळी रस्ते बंद होतात. १९८४ साली सुरू झालेली देशातली पहिली मेट्रो या दिवसांत रात्री खूप उशिरापर्यंत धावते. २०२४ पासून हावड्याहून नदीखालून येणारी मेट्रोही आहे. गीतांजली किंवा आझाद हिंदने उतरणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. त्या दिवशी सकाळीच ते करावं.

मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. ही अतिकाळजी वाटेल, पण २०१५ साली देशप्रिय पार्कमधली अतिउंच मूर्ती पाहायला एवढी माणसं लोटली, की पंचमीलाच दर्शन बंद करावं लागलं होतं. वृद्धांना सोबत घेऊन रात्री मंडप फिरूच नये. त्यांच्यासाठी सकाळी सातची वेळ उत्तम. रात्रभर जागलेलं शहर तेव्हा झोपलेलं असतं, बांबूच्या रांगा रिकाम्या असतात आणि देवीसमोर निवांत उभं राहता येतं.

दशमीच्या दुपारी लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका एकमेकींना शेंदूर लावतात. संध्याकाळी बाबूघाटाकडे ट्रक निघतात. परतीची गाडी शक्यतो त्यानंतरच्या दिवशीची घ्यावी, कारण त्या सकाळी सियालदा स्टेशनवर आणखी एक बाजार पाहायला मिळतो. पूजेच्या आधी याच स्टेशनाबाहेर खेड्यांतून आलेले ढाकी, म्हणजे ढोल वाजवणारे, आपापले ढाक वाजवून मंडळवाल्यांची वाट पाहत उभे असतात. आता त्यांची बिदागी हातात आलेली असते. ढाक खांद्याला अडकवून ते मुलांचे फ्रॉक, शर्ट निवडत असतात. शहराची खरेदी संपल्यामुळे भाव उतरलेला असतो. फ्रॉक पोरीच्या अंगाला येईल की नाही, हे ते स्वतःच्या छातीशी धरून अजमावतात आणि गाडीची वेळ झाली की पिशवी ढाकाच्या दोरीला बांधून डब्यात चढतात.