आता डाव आगीचा

फायरबॉल टाकणाऱ्याला गाव जाळायचं नसतं. त्याला समोरचे चार दरोडेखोर दिसतात, त्यांच्या मागची कडब्याची गंजी दिसत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत या मंत्राचा हिशोब चोख दिलाय: २० फूट त्रिज्या, सहा बाजूंचे ८ फासे, आणि कुणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या जळाऊ वस्तू पेट घेतात. पेट घेतात, बस्स. मग वारा सुटला तर काय, ते खेळ चालवणाऱ्यानं बघायचं. (ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकजण एक पात्र घेतो, उरलेलं सगळं जग एकजण सांभाळतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात.) आमच्याकडे जग सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

आम्ही सगळे सीमेवरचे. एक आळंदचा, एक बसवकल्याणचा, एक औरादची, मी भालकीकडचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, भांडायला दखनी. त्यामुळे खेळातले युरोपी किल्ले आणि बर्फाचे डोंगर आमच्यात फार दिवस टिकले नाहीत. कथा सरळ बिदरला आणली.

तिथंच, शहराबाहेरच्या एका खळ्यावर, आळंदकराच्या मांत्रिकानं फायरबॉल टाकला. मार्चची दुपार, ज्वारीची रास झालेली, गंज्या एकीला लागून एक. दरोडेखोर मेले आणि पहिली गंजी पेटली. "जाळलास की रे गाव!" म्हणून सगळे हसले. औरादची मैत्रीण तेवढी हसली नाही. "जनावरं कुठं बांधलीत?" तिनं विचारलं.

तिच्या घरची गंजी एका उन्हाळ्यात जळाली होती. वर्षाची वैरण गेली आणि मागोमाग बैलजोडी विकावी लागली. हे तिनं सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी, मेसच्या रांगेत, सहज बोलल्यासारखं. पण त्या प्रश्नानंच टेबल गप्प झालं.

अशा वेळी खेळ चालवणाऱ्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, पाऊस पाडायचा. दुसरी, मांत्रिकाला अद्दल घडवायची: गाव राख, शंभर मेले, घे आता! मला दोन्ही पटत नाहीत. पहिलीत आग खोटी ठरते. दुसरीत माणसं खोटी ठरतात, कारण आग लागल्यावर गाव नुसतं जळत बसत नाही.

लहानपणी मी आमच्या गावात अशी आग बघितली आहे. आबा ओरडले ते "पाणी आणा" असं नाही, "दावी तोडा!" असं. जनावर खुंट्याला असलं की पळू शकत नाही, आणि गाठ सोडत बसायला वेळ नसतो, विळ्यानं कापायचं. पेटलेल्या गंजीवर कुणी घागर वाया घालवली नाही; ती वरून विझली तरी आत धुमसत राहते. पाणी गेलं ते शेजारच्या, अजून न पेटलेल्या गंजीवर टाकलेल्या पोत्यांवर. बाकीचे लिंबाचे ओले डहाळे घेऊन गवत झोडपत होते.

मी तेच नियम केले. कागदावर चौकोन आखले आणि आगीला तिची स्वतःची पाळी दिली. वाऱ्याच्या दिशेचा चौकोन फाशावर ३ किंवा जास्त पडलं तर पेटणार, बाजूचे ५-६ ला, वाऱ्याविरुद्धचा नाही. पुढं काय पेटू शकतं ते आधी सांगायचं, लपवायचं नाही. आणि हाका तीन, वेळ दोनच कामांपुरता: गोठा, शेजारची गंजी, की कुडाच्या घरात अडकलेली म्हातारी? गावकऱ्यांच्या जिवाचे आकडे मोजत बसलो नाही. कुणाकडं धावायचं एवढंच विचारत राहिलो.

बसवकल्याणकराची तक्रार आली: "एका ठिणगीसाठी एवढं? जरा जास्तच होतंय."

बिदरमध्ये बसून हे म्हणणं अवघड आहे. १६५७ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं इथल्या किल्ल्याला वेढा घातला. आदिलशाहीचा किल्लेदार सिद्दी मर्जान लढत होता. बुरुजामागच्या दारूगोळ्यात ठिणगी पडली, स्फोटात मर्जान आणि त्याची मुलं भाजली, आणि किल्ला पडला. पुढं १६९६ मध्ये महमूद गवानच्या मदरशात साठवलेली बंदुकीची दारू उडाली. १४७२ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीचा मोठा भाग गेला. आज दर्शनी बाजूला एकच मिनार उभा आहे, अंगावर थोड्या रंगीत फरशा घेऊन. सहलीला आपण सगळे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतो.

तक्रार तिथंच मिटली, पण खेळ मिटला नाही. चार गंज्यांपैकी एक वाचली. म्हातारी वाचली. गोठ्यातला एक खोंड गेला, कारण आळंदकरानं म्हातारीकडं धाव घेतली होती. मला वाटतं, बहुतेक टेबलांवर इथं खेळ थांबतो आणि सगळे पुढच्या खजिन्याकडं वळतात. मी दुसऱ्या दिवसाची सकाळ खेळायला लावली. त्या सकाळी कुणाशीच लढाई नव्हती, त्यामुळे सुरुवातीला सगळे कंटाळले. मग आळंदकराचा मांत्रिक पारावर गेला आणि कुणी न विचारता म्हणाला, "आग माझ्या हातून लागली."

पारावर कोण काय बोलेल ते ठरवायचं माझ्याकडं होतं. मी तो अधिकार औरादच्या मैत्रिणीला देऊन टाकला. ती थोडा वेळ फासा हातात फिरवत राहिली. मग सरपंचीण होऊन म्हणाली, "पेंढ्या किती देतूस?"

मांत्रिकाकडं सोनं होतं, पेंढी एकही नव्हती. पुढचे दोन शनिवार आमची अख्खी टोळी आसपासच्या गावांतून कडबा गोळा करत हिंडली. राक्षस वगैरे सगळे वाट बघत राहिले.