बालोद स्थानकाहून तांदुला जलाशयापर्यंत

भिलाईचे नाव उच्चारताच वाचकांच्या डोळ्यांपुढे धुराडी, झोतभट्ट्या आणि तांबडाजर्द लोखंडाचा रस उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली, ही हकीकत आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु पोलादाला खनिज लागते तितकेच पाणीही लागते. ते पाणी कोठून येते, हे मात्र भिलाईत जन्म काढलेल्या माणसालाही पुष्कळदा सांगता येत नाही. सवड काढून एक दिवस आपण त्या पाण्याच्या उगमाकडे पायी जावे, अशी माझी आपणांस शिफारस आहे.

दुर्गहून दल्ली-राजहराकडे जाणारी गाडी धरावी. ती मरोदा, रिसामा, गुंडरदेही, लाटाबोड अशी लहान लहान स्थानके घेत बालोदला येते. हा लोहमार्ग मुळात राजहराच्या डोंगरातील लोहखनिज भिलाईस आणण्यासाठी टाकला गेला. प्रवासी त्यावरचे पाहुणेच म्हणायचे. खनिजाने भरलेली मालगाडी समोरून आली की पाहुण्यांना बाजूला थांबावे लागते. त्या वेळी कुरकुरू नये, खिडकीतून शेते पाहावीत. भात कापणीला आलेला असतानाच त्याच्या ओलीवर तिवरा किंवा जवस फेकून देण्याची इकडे जुनी रीत आहे. तिला ‘उतेरा’ म्हणतात. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातील लाखोळीच. बांधाबांधांवर बाभूळ आणि पळस. माघ-फाल्गुनात आलात तर पळसाकडे मुद्दाम बोट दाखवण्याची गरज पडत नाही.

बालोदला उतरून गाव ओलांडावे आणि धरणाची वाट विचारावी. ‘लकठा’ म्हणजे जवळ, असे उत्तर मिळेल. छत्तीसगढी माणसाचे ‘जवळ’ आपल्या कोसाभराला सहज पुरते, हे ध्यानात ठेवून पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल बरोबर असू द्यावा. जाऊन येऊन अर्ध्या दिवसाची चाल आहे. चढ म्हणण्यासारखा शेवटी बांधावर चढतानाच लागतो. मुले बरोबर असली तरी हरकत नाही. गावातून वाहनेही मिळतात, पण वाहनाने गेलेल्या माणसाला कालवा दिसत नाही आणि कालवा पाहिल्याखेरीज धरण समजत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मग बांधावर पाऊल पडते आणि समोर एकदम पाणीच पाणी! समुद्र येथून शेकडो कोस दूर. तरी वाऱ्याच्या दिवशी लाटा दगडी अस्तरावर आपटताना कोकणातल्या माणसाला क्षणभर घरची आठवण यावी. तांदुला आणि सुखा या दोन नद्यांच्या संगमाशी हा मातीचा बांध घातलेला आहे. त्यामुळे पाणी दोन्ही खोऱ्यांत मागे मागे शिरले असून, काठ कोठे आत वळतो तर कोठे जमिनीची जीभ पाण्यात पुढे येते. काठाने थोडे चालून अशा एखाद्या वळणाशी बसावे. तेथे वारा पडलेला असतो, पाणकावळे पंख वाळवीत बसलेले असतात आणि शिदोरी सोडायला सावली मिळते.

हे काम १९२१ साली पुरे झाले, तेव्हा छत्तीसगढचा कारभार नागपुराहून चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे आयोगाच्या विचारातून या प्रांतात मोठमोठे तलाव आणि कालवे आले. म्हणजे तांदुल्याचे पाणी साठवले गेले ते भातासाठी, उपाशी माणसांसाठी. पोलादाचा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही प्रवेश नव्हता. त्याच काळात शेजारच्या धमतरी भागातील कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध सत्याग्रह केला आणि डिसेंबर १९२० मध्ये महात्माजी तिकडे येऊन गेले. पाणी कोणाचे, हा प्रश्न या मुलखात धरणाइतकाच जुना आहे.

भिलाई उभी राहिल्यावर त्या प्रश्नाला दुसरा भागीदार मिळाला. कालव्याने निघालेले पाणी मरोदाच्या तलावांत साठते आणि तेथून कारखान्यात व वसाहतीच्या नळांत जाते. पुढे १९७० च्या दशकात महानदीवर गंगरेलचे धरण बांधले गेले आणि तिकडूनही भिलाईला पाणी मिळू लागले, तेव्हा तांदुल्यावरचा भार काहीसा हलका झाला. तरीही पाऊस ओढ देतो त्या वर्षी बालोदचा शेतकरी आणि भिलाईची गृहिणी एकाच पाण्याच्या पातळीकडे पाहत असतात. फरक इतकाच, की शेतकऱ्याला ती पातळी कोठे पाहायची ते ठाऊक असते. काठाच्या उघड्या पडलेल्या तांबूस पट्ट्यावरून ‘यंदा पाणी किती उतरले’ हे तेथील गुराखीही आपणांस बिनचूक दाखवील. त्याला जरूर विचारावे.

पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून वाहू लागले की येथे जत्रेसारखी गर्दी होते. निवांतपणा हवा असेल तर कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. बांधापाशी खोली एकदम वाढते.

परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच स्थानकावर विचारून ठेवावी, कारण या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत. राजहराची खाण आता म्हातारी होत चालली असून खनिजासाठी लोहमार्ग रावघाटच्या दिशेने जंगलात पुढे नेला जात आहे; २०२२ मध्ये तो अंतागढला पोहोचला. त्यामुळे संध्याकाळी दुर्गकडे जाणाऱ्या डब्यात भानुप्रतापपूरकडची माणसे मोहाच्या आणि चिंचेच्या पोत्यांसह भेटतील. जागा कमी असेल, पण पाय दुखत असलेल्या माणसाला ते सरकून जागा करून देतात.