दर्या आणि दऱ्या

नेरळ स्थानकावर उतरून कळंबच्या रस्त्याला लागले, की माथेरानचा डोंगर पाठीशी पडतो आणि समोर सह्याद्रीची निळी भिंत उभी राहते. याच गावात आणि आसपासच्या शाळांत मी आयुष्यभर मराठी शिकवले. सेवानिवृत्त झाल्यावर लोक मला विचारीत, "गुरुजी, आता वेळ कसा घालवता?" मी सांगत असे, "एका आजीचे शब्द निवडीत बसतो." त्या शब्दांची ही हकीकत आहे.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर एक ठाकरवाडी आहे. तेथे एक वृद्ध आजी राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु रानातील कोणती भाजी केव्हा उगवते आणि ती कशी रांधावी, हे सारे तिला मुखोद्गत होते. पहिला पाऊस पडला, की शेवळे जमिनीतून वर येतात. ती नुसती शिजवून खाल्ली, तर घसा खाजतो. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालावी लागतात. टाकळा, कुर्डू, भारंगी यांची पाने कोवळी असतानाच खुडावी लागतात. आजी सांगे आणि मी वहीत उतरवून घेई. ती म्हणे, "गुर्जी, पुस्तक झालं की मला वाचून दाखवा."

मी ते आनंदाने कबूल केले; पण शब्द पाळणे सोपे नव्हते. वही जुन्या पेटीत ठेवली होती. एका पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली आणि वहीची निम्मी पाने मातीमोल झाली. तरीही मी निर्धास्त होतो, कारण २००१ साली तो सगळा मजकूर मी संगणकावर उतरवून ठेवला होता. नव्या संगणकावर ती फाईल उघडली मात्र, आणि माझ्या पोटात गोळा आला. शेवळे नाहीत, काकड नाही. सगळीकडे इंग्रजी अक्षरे आणि निरर्थक चिन्हे!

पुण्यात संगणकाचे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी सुटीत गावी आला होता. त्याने कारण समजावून सांगितले. संगणक अक्षरे ओळखत नाही; तो केवळ क्रमांक ओळखतो. पूर्वी मराठी टंक तयार करणारा प्रत्येक जण अक्षरांना आपापल्या सोयीने क्रमांक देत असे. तो विशिष्ट टंक, म्हणजे अक्षरांचा साचा, संगणकात नसला, की मजकूर वाचता येत नसे. पुढे १९९१ साली युनिकोड नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात जगातील लिप्यांच्या अक्षरांना कायमचे क्रमांक दिले आहेत. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो कळंबला तोच आणि लंडनलाही तोच.

त्याच विद्यार्थ्याने मला 'ऑर्ग-मोड' ही व्यवस्था शिकवली. ॲम्स्टरडॅम येथील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी ती २००३ साली निर्माण केली. तिच्यात सारे काही साध्या मजकुरात लिहावयाचे असते. ओळीच्या आरंभी एक तारा काढला, की तो मुख्य मथळा. दोन तारे काढले, की तो पोटमथळा. खगोलशास्त्रज्ञाच्या वहीत मथळ्यांना तारेच असावेत, याची मला मोठी गंमत वाटली. मजकूर साधा असल्यामुळे तो कोणत्याही संगणकावर वाचता येतो. मूळ व्यवस्थेत कामांपुढे 'टूडू' आणि 'डन' हे इंग्रजी शब्द असतात. ते बदलता येतात असे कळताच मी तेथे 'करावयाचे' आणि 'झाले' असे शब्द घातले. तिसरा शब्द माझ्या गरजेपुरता घातला, 'विचारावयाचे'. वाळवीने खाल्लेल्या प्रत्येक ओळीपुढे तो शब्द लिहून मी पुन्हा वाडीवर जाऊ लागलो. आजी न कंटाळता पुन्हा सांगे आणि मी घरी येऊन त्या ओळीपुढे 'झाले' असे लिहीत असे.

सगळी टाचणे पुरी झाल्यावर छापण्याजोगी पाने तयार करण्याची आज्ञा मी संगणकाला दिली. पाने आली, पण त्यांवर मराठीचे एकही अक्षर नव्हते. स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे जागच्या जागी उभे होते! मी घाबरून वाटेल ते बदलू लागलो आणि घोटाळा अधिकच वाढला. शेवटी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो हसून म्हणाला, "गुरुजी, एका वेळी एकच बदल करा आणि काय केले ते लिहून ठेवा. गणित चुकले, की तुम्हीच आम्हाला असे सांगत होता."

मी शरमलो आणि पुन्हा आरंभापासून लागलो. सगळा मजकूर बाजूला ठेवून 'कळंब' एवढा एकच शब्द घेतला. संगणक प्रत्येक खेपेस आपल्या कामाची नोंद लिहितो. आजवर ती मी उघडूनही पाहिली नव्हती. तिच्यात स्पष्ट लिहिले होते, की हे अक्षर मला ठाऊक नाही. पाने जुळविण्याचे काम ऑर्ग-मोड स्वतः करीत नाही. ते 'लाटेक' या व्यवस्थेकडे सोपवते. तिचा नेहमीचा जुळारी देवनागरी जाणत नव्हता. मी 'झीलाटेक' हा युनिकोड जाणणारा दुसरा जुळारी नेमला. पान तरी कोरेच! मग मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला 'शोभिका' हा देवनागरी टंक दिला. आता अक्षरे आली. पण जोडाक्षरे फुटली होती आणि 'शि'मधील वेलांटी 'श'च्या नंतर पडली होती. लिपी देवनागरी आहे, हेही त्याला सांगावयाचे राहिले होते. ते सांगताच 'शिजवणे' नीट उमटले. तीन बदल, आणि तिन्हींची नोंद माझ्या वहीत होती.

१८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. ज्यांनी ते खिळे एकेक करून जुळवले असतील, त्यांची त्या रात्री मला आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी छापलेली पाने घेऊन मी वाडीवर गेलो. सातवीत शिकणारा आजीचा नातू मोठ्याने वाचू लागला, "आमच्या दर्यांत पहिल्या पावसाने शेवळे उगवतात." तो थांबला आणि खो खो हसू लागला. "आजी, गुरुजींनी तुझी शेवळं समुद्रात लावली!"

आजी शांतपणे म्हणाली, "दर्या म्या कधी बघितलाबी नाय, गुर्जी."

मला लिहावयाचे होते 'दऱ्यांत' आणि छापले गेले होते 'दर्यांत'. एवढी वर्षे मराठी शिकवून ही चूक! घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात संगणकाला दोष देत होतो. मूळ मजकूर उघडला आणि निमूट झालो. युनिकोडमध्ये 'र'चा क्रमांक २३५२ आहे. 'दऱ्या' लिहिण्यासाठी लागणाऱ्या 'ऱ'चा क्रमांक २३५३ आहे. मी २३५३ऐवजी २३५२ लिहीत आलो होतो. यंत्राने मी सांगितले तेच इमानाने छापले होते.

सगळे 'र्य' एकदम बदलून टाकावेत, असा मोह क्षणभर झाला. पण तसे केले असते, तर 'सूर्य' आणि 'आचार्य' हेही बिघडले असते. म्हणून एकेक शब्द पाहून दुरुस्त केला. मग वाडीवर जाऊन सबंध पुस्तिका आजीला पुन्हा वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आता बरं हाय."

त्या टाचणांत एक ओळ मात्र राहिली आहे. ओढ्याकाठच्या एका वेलीचे नाव मी तिला विचारले होते. ती म्हणाली होती, "पाऊस पडू दे, वेलच दाखवते." त्या वर्षी पाऊस येण्यापूर्वीच आजी गेली.

मुलांनो, हरवलेली अक्षरे मला शोधता आली, चुकलेला 'र' दुरुस्त करता आला. कारण ते काम धीराचे होते आणि त्याला वेळ होता. जे माणसांना विचारावयाचे असते, त्याला तेवढा वेळ असतोच असे नाही. माझ्या वहीत त्या वेलीपुढे अजूनही 'विचारावयाचे' असेच लिहिलेले आहे. तो शब्द मी पुसलेला नाही.