तीर्थनचे दगड

औटला मनालीची गर्दी बोगद्यात शिरते आणि लारजीकडचा रस्ता मोकळा होतो. मला मनाली आवडत नाही. तिथे बियास नदी दिसण्याआधी हॉटेलांच्या पाट्या दिसतात. लारजीच्या धरणाचं थांबलेलं पाणी मागे टाकून तीर्थन खोऱ्यात शिरलं, की वाहत्या पाण्याचा आवाज गाडीची काच बंद असली तरी आत येतो.

जलोडी खिंड, सेरोलसरचा तलाव, छेहनी कोठीचा मनोरा हे सगळं पाहिलं आणि आवडलंही. पण मी आले होते ट्राउटसाठी, आणि लक्षात राहिली ती गुशैणीच्या वरच्या अंगाची एक दुपार.

सोबतीला गावातले एक वयस्क वाटाडे होते. सगळे त्यांना चाचाजी म्हणत, मीही म्हणू लागले. मी मालवणकडची. गरवायला बसायचं ते आमिष लावून, आणि गळाला लागलं ते घरी न्यायचं, अशा रीतीत वाढलेली. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसतं. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून किडा बनवतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून जड दोर हवेत मागेपुढे झुलवून त्याच्या जोरावर तो फेकायचा. मी रॉड जोडायला घेतला, तर चाचाजी म्हणाले, ‘‘बेटी, ती काठी ठेव बाजूला. आधी दगड उचल.’’

जूनचं पाणी वितळलेल्या बर्फाचं. घोट्यापर्यंत उभं राहिलं तरी हाडं ठणकतात. मी एक दगड उपडा केला. खालच्या ओल्या बाजूवर चपटे किडे सैरावैरा पळत होते. दोन शेपट्यांचे स्टोनफ्लायचे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे. कोपऱ्यात वाळूचे कण चिकटवून केलेली एक बारीक नळी होती, आत कॅडिसची अळी. चाचाजींनी प्रत्येक किडा बोटावर घेऊन दाखवला आणि दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवायला लावला. असे कितीतरी दगड झाले. मला कंटाळा आला नाही. वर खळाळणारी नदी ओळखीची होती, पण तिच्या तळाशी एवढी वस्ती असते हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग त्यांनी डबीतून तपकिरी, पितळी मणी लावलेला एक बारीक किडा काढला. मेफ्लायच्या पिल्लाची ती नक्कल होती. एका मोठ्या खडकामागे पाणी संथ झालं होतं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून अशा आडोशाला थांबते आणि वाहत येणारं खाणं टिपते. किडा खडकाच्या वर टाकायचा आणि फेसाच्या वेगानं खाली येऊ द्यायचा. दोरामुळे तो जरा ओढला गेला, की मासा तोंड फिरवतो. सूर्य डोंगराआड जायला लागला तेव्हा दोर वाहता वाहता मध्येच थबकला. मी मनगट उचललं आणि काठी वाकली.

ब्राऊन ट्राउट होती, वीतभराहून थोडी मोठी. पिवळसर अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. चाचाजींनी हात ओले करायला लावले, कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. गळाचं काटेरी टोक त्यांनी आधीच दाबून टाकलं होतं. तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. तिनं कल्ले हलवले आणि गेली. मासा सोडून देण्यात एवढा आनंद असेल, असं मला मालवणात कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

हा मासा इथला नाही. स्कॉटलंडहून आलेली ट्राउटची अंडी 1900 मध्ये काश्मीरात जगली आणि 1909 मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं तिथून कुल्लूत ट्राउट आणली. मला नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातले, तेव्हा बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी न्यायालयापर्यंत लढले. नदी वाहती ठेवण्याच्या त्या मागणीत या परक्या माशाचाही आधार होता.

शेजारच्या सैंज खोऱ्यात प्रकल्प झाले. तिथे फरक काय पडला, असं मी विचारलं. चाचाजींनी पायाजवळचा दगड दाखवला. ‘‘पाणी कधी अडवतात, कधी सोडतात. कडेचे दगड आज ओले, उद्या कोरडे. मग हे किडे राहणार कुठे? आणि किडा नाही तर मासा काय खाणार?’’ वीज हवी, हे मलाही कळतं. पण एका खोऱ्यानं दिली आहे, तर दुसऱ्या खोऱ्यातली नदी तिच्या वेगानं वाहू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

जुलैत पावसानं पाणी गढूळ होतं. पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ट्राउट अंडी घालते त्या काळात, मासेमारी बंद असते. मधल्या ऑक्टोबरात पाणी नितळ असतं, तेव्हा ये, असं चाचाजींनी बजावलं आहे. रजेचा अर्ज मी देऊन टाकला आहे.