विटेपेक्षा मऊ चुना



बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या चर्चच्या आवारातली धर्मशिक्षणाची जुनी खोली बसली. देवाची कृपा, की रात्र होती आणि आत मुलं नव्हती. पाऊस सरल्यावर उरलेल्या भिंती उतरवल्या आणि आवारात विटांचा मोठा ढीग पडला.

धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं, की ढीग भरावाला द्यावा आणि मारियामातेच्या ग्रोटोसाठी नव्या विटा आणाव्यात. आम्ही धर्मशिक्षक मात्र अडून बसलो. आमच्या आईवडिलांनी त्याच भिंतींच्या आत पहिली प्रार्थना पाठ केली होती. फादर हसून म्हणाले, “मग साफ कोण करणार?” आम्ही हात वर केले. उपवासकाळ जवळ आला होता. दर शुक्रवारी क्रूसाची वाट झाली की तासभर विटा साफ करायच्या, असं ठरलं.

घरी येऊन नहेम्याचा ग्रंथ उघडला. यरुशलेमचा पडका कोट बांधायला लोक उभे राहिले, तेव्हा सनबल्लटाने थट्टा केली होती, की मातीच्या ढिगातले जळके दगड हे लोक पुन्हा जिवंत करणार का? त्याच लोकांनी 52 दिवसांत कोट पुरा केला. वाचून आम्हाला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर आम्ही स्वतःला नहेम्याच समजू लागलो.

तो तोरा पहिल्याच शुक्रवारी उतरला. काम लवकर व्हावं म्हणून कुणीतरी ग्राइंडर आणला होता. त्याला तारेचा ब्रश लावून आम्ही विटा घासायला घेतल्या. चुना, काजळी, जुन्या रंगाचे पापुद्रे सगळं उडालं आणि विटा अगदी नव्यासारख्या केशरी दिसू लागल्या. चाळीसेक विटा झाल्या असतील, तेवढ्यात आमच्याच धर्मग्रामातले एक म्हातारे गवंडीमामा नातवाला घेऊन आले. त्यांनी एक वीट उचलून तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

“काय केलासा हे? विटेचं कातडं सोललासा की!”

मग त्यांनी समजावून सांगितलं. भट्टीत विटेचं बाहेरचं अंग जास्त भाजतं आणि टणक होतं. पावसाला तोंड देतं ते तेच अंग. ते खरवडलं की आतली मऊ माती उघडी पडते, पाणी पिते, मग लोणा लागून वीट झडू लागते. त्या चाळीस विटा त्यांनी आतल्या भरणीसाठी बाजूला काढल्या आणि ग्राइंडर बंद करायला लावला.

त्यांची रीत साधी होती. वीट आधी ओली करायची, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही. मग बोथट खुरप्याने चुना आडव्या हाताने सोडवायचा, उरलेला काथ्याच्या ब्रशने घासायचा आणि शेवटी साध्या पाण्याने धुवायचं. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही. वाळल्यावर दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत वाजली ती बाहेरच्या थराला, बद्द वाजली ती आत. काजळीचा डाग राहिला तर राहू द्यायचा. एका विटेवर मातीत रुतलेली चार बोटं निघाली. ओली वीट साच्यातून काढताना ती कुणाच्या तरी हाताची उमटली असणार. आम्ही सगळे थोडा वेळ ती वीट पाहतच राहिलो.

तिसऱ्या शुक्रवारी दुसऱ्या कोपऱ्यातल्या विटा हाती आल्या. ही भिंत मागे कधीतरी सिमेंटने दुरुस्त केलेली होती. चुन्यातल्या विटा हातात सुट्या होत होत्या. सिमेंटच्या काही केल्या सुटेनात. छिन्नी मारली, की सिमेंट तसंच राही आणि विटेचाच चेहरा निघून येई. आम्ही म्हटलं, “मामा, सिमेंट तर जास्त मजबूत ना?”

ते म्हणाले, “तेच तर वाईट. बांधणारं हे बांधलेल्यापेक्षा मऊ पाहिजे. भिंत जराशी हलतीच. हलली की चुन्याला तडा जाऊ दे, चुना परत भरता येतोय. वीट फुटली तर काय भरणार?”

त्यांचा नातू शेजारी बसून विटा रचत होता. त्याने आमच्याकडे वर पाहिलं नाही. तीन शुक्रवार झाले, त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

बंधुभगिनींनो, आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. हा मुलगा आमच्या दृढीकरणाच्या वर्गात होता. मागच्या वर्षी एका रविवारी त्याला दहा आज्ञा सलग म्हणता आल्या नाहीत. सहावीनंतर तो अडला. आम्ही त्याला सगळ्या वर्गापुढे उभं केलं, “एवढंही येत नाही, तर दृढीकरण कशाला हवं?” असं विचारलं. वर्ग हसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही हजेरीत त्याच्या नावापुढे रेघ ओढली. ‘आम्ही’ असं लिहितो खरं, पण त्या दिवशी आवाज कोणाचा होता, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आज्ञा देवाच्याच होत्या. त्या मुलाला सांधायला आम्ही वापरलेला माल मात्र त्याच्यापेक्षा कठीण होता. मुलगा जरासा हलला, तेव्हा तडा आमच्या शिस्तीला गेला नाही, त्याला गेला.

त्या संध्याकाळी हात धुताना आम्ही त्याला म्हणालो, “त्या रविवारी आमचं चुकलं.” याहून जास्त बोलता आलं नाही. तो काही बोलला नाही. ढिगातली एक वीट उचलून त्याने दुसरीवर वाजवली आणि पुढे केली. “ही चांगली आहे, सर. बाहेरच्या बाजूला लागेल.”

ग्रोटो मे महिन्यात, मारियामातेच्या महिन्यात उभी राहिली. कळीचा चुना पाण्यात विरवून मामांनी तो कितीतरी दिवस आधीच ठेवला होता. रचण्याआधी विटा भिजवल्या, नाहीतर कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते. चुना हवेने सावकाश घट्ट होतो, म्हणून रोज पाणी शिंपडलं. ते काम त्या मुलाने केलं. बोटं उमटलेली वीट मातेच्या पायाशी, हाताला लागेल अशी बसवली आहे. लहान मुलं तिथे आपली बोटं लावून पाहतात.

तो आता वर्गात येतो, शेवटच्या बाकावर बसतो. सहावीनंतर अजूनही अडतो. तेव्हा आम्ही सातवी हळूच सुरू करून देतो.

हे प्रभू, तू आम्हाला तुझ्या मंदिरात रचत आहेस. ज्यांना सांधण्याचं काम तू आमच्या हाती दिलंस, त्यांच्यापेक्षा आम्हाला मऊ ठेव. तडा जायचाच असेल, तर तो आधी आमच्या अहंकाराला जाऊ दे. आमेन.