वसईचा सोनचाफा

वैशाखातील पहाट. नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाताना दोन्ही अंगांस नारळी-केळींच्या वाड्या लागतात आणि उजाडण्यापूर्वीच सोनचाफ्याचा दरवळ येतो. येथील बागायतदार पहाटेच फुले खुडतात आणि लोकलने दादरच्या फुलबाजारात नेतात. ऊन चढले की पाकळी मलूल होते.

गेल्या उन्हाळ्यात आईला तेथे घेऊन गेलो. तिचे वय ८२. स्मरण विरळ होत चाललेले. वाडीतील मावशींनी दोन फुले तिच्या ओंजळीत ठेवली. ती बराच वेळ हुंगून आई म्हणाली, "वेणीत माळायची राहिली." माझे नाव तिला त्या दिवशीही आठवले नाही, पण परतीच्या साऱ्या वाटेवर ती शांत होती.

गंधाची जाणीव मेंदूतील स्मृती व भावना यांच्या केंद्रांशी निकट जोडलेली असते. वार्धक्यात ती हळूहळू मंदावते. एकाएकी हरपल्यास मात्र डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उन्हाळ्यात ज्येष्ठांच्या नाजूक त्वचेवर अत्तर लावण्यापेक्षा वाटीभर पाण्यात दोन फुले ठेवावीत. दमा असल्यास ती उशाशी नकोत. खोकला वा डोकेदुखी जाणवताच बाहेर न्यावीत. विस्मरण असलेली व्यक्ती फूल तोंडात घालणार नाही, याकडेही लक्ष असावे.

आमच्या खिडकीत आता ती वाटी असते. आई रोज विचारते, "कोणी आणली?" मी माझे नाव सांगतो.